दिवाळीची झाडलोट, फराळ आणि मोबाईलमधल्या युक्त्या



सोयाबीनची मळणी उरकते न उरकते तोच दिवाळी दारात उभी राहते. कपाशीची पहिली वेचणी त्याच दिवसांत, रब्बी ज्वारीच्या पेरणीची घाई त्याच दिवसांत आणि हरभऱ्यासाठी रान तयार करायचे तेही त्याच दिवसांत. मळणीचा भुसा उडून फळीवरच्या डब्यांवर बोटभर थर बसलेला असतो, माळ्यावर जळमटे लोंबत असतात आणि मुलांचे 'आई, चकल्या कधी करायच्या?' हे पालुपद सुरू झालेले असते. अशा वेळी मोबाईलवर कोणी दाखवले की 'दोन मिनिटांत पितळ लख्ख' किंवा 'तासाभरात अनारसे', तर घरची बाई ते पाहणारच आणि करूनही बघणार. तिला नावे ठेवण्याचे काही कारण नाही. दिवसा शेतात आणि रात्री चुलीपुढे उभे राहणाऱ्या बाईला एक तास वाचला तर तेवढी तिची पाठ टेकते.

गेल्या महिन्यात एका गावी बचत गटाच्या बैठकीला गेलो होतो. विषय होता हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेचा. तो संपल्यावर एका आक्कांनी मोबाईल पुढे केला आणि म्हणाल्या, "साहेब, नवीन वाण आला की आधी थोड्या रानात करून बघा, शेजारी जुना वाण ठेवा, मगच सगळं रान पेरा, असं तुम्हीच सांगता. मग ह्या युक्त्यांची पारख कुणी करायची?" प्रश्न रास्त होता. शेतात आपण एक पट्टा नव्याचा आणि एक पट्टा जुन्याचा ठेवतो, खत-पाणी सारखे देतो आणि मग तुलना करतो. घरातही तसेच करायचे ठरले. अर्ध्या समईला नवी युक्ती, अर्ध्या समईला रोजची रीत. अर्ध्या पिठाच्या चकल्या अशा, अर्ध्या तशा. दोन शनिवारी सगळ्याजणी जमल्या. माझ्या सौभाग्यवतींनीही पदर खोचून भाग घेतला. ज्या गोष्टी जिवाशी खेळणाऱ्या होत्या त्या अर्थातच करून पाहिल्या नाहीत. त्यांच्याविषयी पुढे सविस्तर लिहितो, कारण आजच्या लेखाचे खरे कारण तेच आहे.

आधी तांब्या-पितळेची भांडी घेऊ. चिंच आणि मीठ, लिंबू आणि मीठ, टोमॅटोचे सॉस, आंबट ताक अशा चार युक्त्या होत्या. चारही लागू पडल्या, कारण चौघींच्या पोटात एकच वस्तू आहे, ती म्हणजे आम्ल. तांब्या-पितळेवर चढलेला काळसर थर आम्लात विरघळतो. मग जी चिंच घरच्या झाडाची आहे ती सोडून विकतचे सॉस कशाला ओतावे? आपल्या आज्या आधी राखेने घासत आणि मग चिंच लावत, त्यातही शहाणपण होते. लाकडाच्या राखेत क्षार असतो, तो तेलकटपणा काढतो. काळेपणा मात्र तो काढू शकत नाही, ते काम चिंचेचे. आता गॅस आल्यापासून राख मिळत नाही, तेव्हा आधी साध्या साबणाने तेलकटपणा काढावा आणि मग कोळ लावावा. कोळ लावून भांडे तासन्‌तास ठेवू नये, पितळेवर तांबूस डाग पडतात. धुतल्याबरोबर कोरड्या फडक्याने पुसावे, नाहीतर लक्ष्मीपूजनापर्यंत पुन्हा काळे. ज्या पितळी भांड्यात आंबट पदार्थ शिजवायचा त्याला आतून कल्हई हवीच, बाहेरून ते कितीही लखलखत असो.

चांदीच्या निरांजनाची युक्ती मात्र आम्हा सगळ्यांना आवडली. स्टीलच्या पातेल्यात तळाशी पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद, म्हणजे ॲल्युमिनियमचा कागद, पसरायचा. त्यावर कढत पाणी, चमचाभर मीठ आणि चमचाभर खायचा सोडा घालायचा आणि चांदीचे भांडे कागदाला टेकेल असे आत ठेवायचे. चार-पाच मिनिटांत काळेपणा गेला. चांदीवरचा काळा थर म्हणजे चांदी आणि गंधक यांचे संयुग. ह्या पाण्यात गंधक चांदीला सोडून ॲल्युमिनियमकडे जाते आणि चांदी जागेवर राहते. घासले की चांदी झिजते, इथे झिजत नाही. खडे बसवलेला किंवा वरून नुसता मुलामा दिलेला दागिना मात्र यात घालू नये. दंतमंजनाने चांदी घासण्याची युक्तीही पाहिली. तिने चमक येते खरी, पण बारीक ओरखडेही येतात. त्यापेक्षा रिठ्याचे पाणी बरे. रिठा रेशमी लुगड्यालाही चालतो.

ज्या युक्तीचा सर्वांत जास्त बोलबाला आहे तिची गंमत सांगतो. खायचा सोडा पसरायचा आणि त्यावर व्हिनेगर ओतायचे. सूंऽऽ करून फेस येतो आणि पाहणारा थक्क होतो. मोबाईलमध्ये तो फेस फार देखणा दिसतो. पण सोडा हा क्षार, व्हिनेगर हे आम्ल. दोघे भेटले की एकमेकांचा जोर मारून टाकतात. फेस म्हणजे सोडावॉटरमधला वायू, आणि मागे उरते जवळपास खारट पाणी. तेलाचे दोन चिकट डबे घेतले. एकाला फेसाची युक्ती केली, दुसऱ्याला नुसते कढत पाणी आणि धुण्याचा सोडा लावला. पहिला डबा चिकटच राहिला. दुसऱ्याची तेलकट साय बोटाने निघाली. घासायला सोडा हवा असेल तर सोडा वापरा, डाग आम्लाने जाणारा असेल तर आम्ल वापरा. दोन्ही एकत्र करणे म्हणजे एका जुवाला दोन बैल उलट्या तोंडाने जुंपणे होय. धुण्याचा सोडा जर्मनच्या भांड्यांना मात्र लावू नका. क्षाराने ॲल्युमिनियम खाल्ले जाते आणि भांडे काळे पडते. जर्मनच्या काळ्या पातेल्यात चिंचेचे पाणी उकळले तर ते उजळते, ही जुनी युक्ती आजही खरी आहे.

फरशीच्या बाबतीत आपल्याकडे एक गोष्ट दाखवणाऱ्यांच्या ध्यानीही नसते. त्यांच्या घरात गुळगुळीत टाइल असते, आपल्या घरात शहाबादी फरशी आणि ओट्याला कडप्पा. शहाबादी काय, कडप्पा काय, दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. चुनखडीवर लिंबू, व्हिनेगर किंवा ॲसिड पडले की दगड विरघळू लागतो. ओट्यावर लिंबू पिळून ठेवले की पांढुरका डाग पडतो आणि घासून जात नाही. तो डाग लिंबाचा नाही, दगडच तेवढा खाल्ला गेलेला असतो. अशा फरशीला साबणाचे पाणी आणि काथ्या एवढेच पुरे. न्हाणीघरात टाइल असली तरी सांध्यातले सिमेंट ॲसिडने पोकळ होते आणि पाणी भिंतीत मुरू लागते.

आता जरा गंभीर गोष्ट.

आमच्या भागात एका घरी सासू-सुनांनी दिवाळीसाठी न्हाणीघर आणि संडास धुवायला काढले. सुनेने आधी संडास साफ करण्याचे बाटलीतले औषध ओतले. ते ॲसिड असते. डाग जाईनात म्हणून विहिरीत टाकण्यासाठी आणलेली टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, त्यावर पसरली. 'दोन पॉवरफुल वस्तू एकत्र केल्या की डबल काम होते' असे तिने कुठेतरी पाहिले होते. वर 'मुरू दे' म्हणून दार लोटून ती आतच घासत बसली. मिनिटभरात डोळे चुरचुरले, घसा आवळला आणि खोकल्याची उबळ थांबेना. सासूबाईंना आधीचा दमा. त्या सुनेला ओढून बाहेर काढायला आत गेल्या आणि त्याही कोसळल्या. शेजारच्यांनी दोघींना मोकळ्या हवेत आणून दवाखान्यात पोचवले म्हणून वाचल्या. सून दोन दिवसांत घरी आली. सासूबाईंना मात्र पुढे बरेच दिवस चार पावले चालले तरी धाप लागत असे.

ब्लीचिंग पावडर किंवा कपड्यांचे पातळ ब्लीच, आणि कोणतेही ॲसिड, ही दोन एकत्र आली की क्लोरीन नावाचा विषारी वायू सुटतो. हा वायू हवेपेक्षा जड असतो, म्हणून तो वर निघून न जाता जमिनीलगत साचतो, आणि बाई तर उकिडवी बसून घासत असते. लहान बंद जागेत तो फार लवकर भरतो. म्हणून एकच नियम पाळावा. एका वेळी एकच औषध. ते भरपूर पाण्याने वाहवून टाकल्याशिवाय दुसऱ्या बाटलीचे झाकण उघडायचे नाही. दार आणि झरोका सताड उघडा ठेवायचा. चुकून वास आलाच तर घासणे, झाडू, बादली सगळे तिथेच टाकून बाहेर पडावे. वास मारण्यासाठी तिसरे काही ओतायला जाऊ नये. डोळे पंधरा मिनिटे साध्या पाण्याने धुवावेत. धाप लागत असेल तर १०८ क्रमांकाला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. आणि हे नीट ध्यानात ठेवा की श्वासाचा त्रास कधी कधी काही तासांनी वाढतो. 'आता बरे वाटते' म्हणून दवाखाना टाळू नये.

गोठ्यालाही हे लागू आहे. दिवाळीत वसुबारसेला गाय-वासराची पूजा करायची म्हणून गोठा स्वच्छ करतात, ते चांगलेच आहे. पण मूत मुरलेल्या ओल्या जमिनीवर ब्लीचिंग पावडर टाकली तर तिथेही उग्र आणि घातक वाफा सुटतात. मूत्रातल्या अमोनियाशी तिचे जुळत नाही. आधी शेण-मूत खरडून काढावे, पाण्याने स्वच्छ धुवावे, जनावरे बाहेर बांधावीत आणि मगच पावडर वापरावी. ज्यांच्या घरी गोबरगॅस आहे आणि संडास त्याला जोडला आहे त्यांनी तर ॲसिड आणि फिनेल दोन्ही बेताने वापरावे, शक्यतो वापरूच नये. गॅस तयार करणारे सूक्ष्म जंतू त्याने मरतात आणि मग ऐन फराळाच्या वेळी शेगडी फुरफुरायला लागते.

ॲसिडबद्दल आणखी एक. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या खुल्या विक्रीवर कडक निर्बंध घातले, तरी पाण्याच्या किंवा सरबताच्या जुन्या बाटलीत भरलेले ॲसिड घराघरात सापडते. सणाला पाहुण्यांची मुले घरात असतात. तहानलेले पोर बाटलीवरचे चित्र पाहते, आतले पाणी कसले ते पाहत नाही. असली बाटली घरात असेल तर हा अंक बाजूला ठेवून आधी तिची व्यवस्था करा.

एका रीळमध्ये फवारणीच्या बॅटरी पंपाने भिंती आणि माळा धुताना दाखवले आहे. पाणी उंच जाते, हात दुखत नाही, काम झटपट होते. खरे आहे. पण त्याच पंपाने आठ दिवसांपूर्वी काय फवारले होते? पंप तीन वेळा धुतला तरी नळीत आणि नोझलमध्ये औषधाचा अंश राहतो, तणनाशकाचा तर फारच चिवट. तो तुम्ही भिंतीवर, फडताळावर, पाळण्याच्या दोरीवर उडवणार! २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. शेतातला पंप घरात नको. औषधाचा डबाही कितीही मजबूत आणि घट्ट झाकणाचा असो, तो धुऊन त्यात शेव-चिवडाच काय, पण रांगोळीही ठेवू नये. डबा रिकामा झाला की तीन वेळा पाण्याने विसळून ते पाणी फवारणीच्याच टाकीत ओतावे आणि डब्याला भोक पाडून तो निकामी करावा.

चुन्याने घर रंगवणाऱ्यांसाठी थोडेसे. चुन्यात थोडी नीळ आणि लाकडाला लावायचे पांढरे चिकट घातले तर चुना उजळ दिसतो आणि हाताला लागत नाही, ही युक्ती खरी ठरली. कळीचा चुना विरवताना मात्र लोखंडी पिंप घ्यावे. प्लॅस्टिकची बादली चुन्याच्या उष्णतेने वितळते. आधी पाणी आणि मग त्यात थोडा थोडा चुना, असा क्रम ठेवावा. पोरांना लांब ठेवावे. चुन्याचा शिंतोडा डोळ्यात गेला तर चोळू नये, खूप वेळ पाण्याने धुवावा आणि तडक डॉक्टरकडे जावे. रात्रभर निवलेला चुना दुसऱ्या दिवशी गाळून मारला की भिंतीला गुठळ्या येत नाहीत.

साफसफाईत कोठी आणि कणग्याही उघडल्या जातात आणि गव्हातले सोंडे, डाळीतले भुंगे बाहेर पडतात. इथे कोणी सांगते की धान्यात विषारी गोळ्या टाका. ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या ह्या गोळ्या हवेतल्या नुसत्या ओलाव्याने फुटतात आणि फॉस्फीन वायू सोडतात. त्याला लसणासारखा किंवा सडक्या माशासारखा वास येतो, कधी कधी वास कळतही नाही. ह्या विषावर उतारा नाही. म्हणून नियमाने त्या गोळ्या फक्त सरकारी गोदामे आणि प्रशिक्षित माणसांच्या देखरेखीखालीच वापरायच्या असतात. ज्या खोलीत माणसे झोपतात तिथल्या पोत्यात टाकलेल्या गोळीने झोपेतच माणसे गेल्याच्या घटना घडलेल्या आहेत. दुकानदाराने कागदात गुंडाळून दिली तरी घेऊ नका. गहू दोन-तीन कडक उन्हे दाखवून, दाण्याचा दाताखाली कट्ट आवाज आला की सावलीत निववून, मग भरावा. गरम धान्य भरले तर आत दमटपणा येतो. तुरीच्या, मुगाच्या डाळीला किलोला चमचाभर एरंडेल चोळले तर भुंगा अंडी घालत नाही. कडुनिंबाचा वाळलेला पाला थरांत घातला तर थोडी मदत होते, पण धान्यच ओले असेल तर निंबही काही करू शकत नाही. डांबरगोळ्या धान्यात कधीच नकोत, आणि तान्ह्या बाळाच्या दुपट्यांतही नकोत. काही बाळांचे रक्त त्या वासाने बिघडते आणि कावीळ होते.

झुरळांसाठी बोरिक पावडर, कणीक आणि साखरेच्या गोळ्या करण्याची युक्ती चांगली आहे. आठ-दहा दिवस लागतात, पण झुरळे हटतात. माझी हरकत फक्त वेळेला आहे. बोरिक पावडर दिसते हुबेहूब पिठीसाखरेसारखी. ज्या आठवड्यात ओट्यावर मैदा, पिठीसाखर आणि रवा पसरलेला असतो त्या आठवड्यात ही पुडी स्वयंपाकघरात असताच कामा नये. झुरळांचा बंदोबस्त करायचा तर दसऱ्यालाच करून टाकावा आणि उरलेली पुडी नाव लिहून कुलपात ठेवावी.

फराळाकडे वळू. इथे आमच्या भगिनींनी खरा रस घेतला आणि चर्चाही कडाक्याची झाली.

'तासाभरात अनारसे' ही युक्ती अशी, की विकतचे तांदळाचे पीठ, पातळ केलेला गूळ आणि चिमूटभर सोडा एकत्र करून लगेच तळायचे. शेजारच्या शेगडीवर तीन दिवस तांदूळ भिजवून केलेले नेहमीचे अनारसे. तासाभराचे अनारसे काही तेलात हसले, म्हणजे विरघळून पसरले, आणि जे टिकले ते थापटीसारखे निघाले. जाळी एकालाही पडली नाही. तीन दिवस भिजताना तांदूळ किंचित आंबतो आणि दाणा असा मऊ होतो की पीठ मैद्यासारखे उतरते. पीठ दमट असल्यामुळे गूळ त्यात एकजीव होतो, आणि जाळी त्यातूनच पडते. सोड्याने ते साधत नाही. जुना तांदूळ घ्यावा, पाणी रोज बदलावे, चौथ्या दिवशी उपसून सावलीत कपड्यावर पसरावा, हाताला दमट लागेल तेव्हाच दळून चाळावा. किलोभर तांदळाला पाऊण ते एक किलो किसलेला गूळ आणि थोडे तूप घालून मळून डब्यात घट्ट भरून ठेवावे. चार-पाच दिवसांनी खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून, मंद आचेवर तळावे. उलटू नये, वरून झाऱ्याने तूप उडवावे. हसायला लागले तर थोडे कोरडे तांदळाचे पीठ मिसळावे. पीठ फार घट्ट झाले असेल तर पिकल्या केळ्याचा तुकडा मळावा.

आता वेळेचा हिशेब पाहा. तीन दिवस म्हटले की घाबरायला होते, पण त्या तीन दिवसांत तांदूळ आपला आपण भिजत असतो. बाईचे हात गुंततात ते सगळे मिळून दोन-अडीच तास. शिवाय हे पीठ आधी करून ठेवले तर टिकते. दिवाळीच्या दहा-बारा दिवस आधी मळणी यंत्राची वाट पाहत एखादा दिवस रिकामा मिळतोच, त्या दिवशी तांदूळ भिजत घालावा. घाईच्या दिवशी तासाभराची युक्ती करून घाणा वाया घालवण्यापेक्षा हे स्वस्त पडते.

चकलीत सोडा घालण्याची युक्तीही सपशेल पडली. सोड्याने चकली हलकी होते खरी, पण तेल पिते आणि हातात धरताच भुगा होतो. वाफवलेल्या मैद्याची चकली मात्र फार छान झाली. मैदा कोरड्या फडक्यात बांधून कुकरमध्ये शिटी न लावता वीस मिनिटे वाफवायचा, घट्ट गोळा होतो तो फोडून चाळायचा, मग तीळ, तिखट, ओवा आणि मोहन घालून भिजवायचा. वाफेने मैद्याचा चिवटपणा मरतो, म्हणून चकली कुरकुरीत होते. भाजणी दळून आणायला वेळ नसेल तर ही युक्ती खुशाल करावी. एका मावशी म्हणाल्या, "ही तर माझ्या आत्याची रीत, मोबाईलवाल्यांनी कुठून उचलली?" असो. तरीही पौष्टिकपणा भाजणीचाच. तांदूळ चार वाट्या, हरभरा डाळ दोन, उडीद डाळ एक आणि मूग डाळ अर्धी, शिवाय धने-जिरे, हे प्रमाण बहुतेकांच्या ओळखीचे आहे. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजावा. एकत्र भाजले तर मूग करपतो आणि हरभरा डाळ कच्ची राहते. सोऱ्यातून पडताना तुकडे पडले तर पीठ कोरडे आहे, पाण्याचा हात लावून मळावे. तेलात विरघळली तर मोहन जास्त झाले, थोडी भाजणी मिसळावी. गरम असताना कुरकुरीत आणि गार झाल्यावर मऊ पडली, तर आच मोठी होती. वरून लाल झाली पण आतला ओलावा निघाला नाही.

भाजणीचे धान्य धुऊन वाळवायला खताची किंवा बियाण्याची रिकामी पिशवी पसरणारी घरे मी स्वतः पाहिली आहेत. कृपा करून तसे करू नका. आणि पेरून उरलेले, गुलाबी रंगाचे औषध चोळलेले बी कितीही धुतले तरी खाण्याचे होत नाही, कोंबड्यांनाही घालू नये.

बेसन लाडवाच्या दोन युक्त्या होत्या. बेसन भाजून होत आले की चमचाभर दूध शिंपडायचे, ही उत्तम. पीठ फसफसून दाणेदार होते आणि कच्चट वास जातो. शिंपडल्यावर आणखी दोन-तीन मिनिटे परतून ओल पूर्ण उडवायची. दुसरी युक्ती म्हणजे गरम बेसनातच साखर घालून हात वाचवायचा. त्यात साखर पाघळली आणि लाडू ताटात बसले ते बसलेच. बेसन कोमट झाल्याशिवाय पिठीसाखर घालू नये. चिवड्याच्या पातळ पोह्यांना मात्र तेलात कुरकुरीत करण्याची खटपट नकोच. ऑक्टोबरचे ऊन फुकट आहे, दोन तास दाखवले की पोहे कुरकुरतात आणि तेल निम्मे लागते.

तळून उरलेले काळपट तेल 'नव्यासारखे' करण्याची युक्ती अशी, की कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून तेलात घालून तापवायचे. ते पीठ गोळा होताना तेलातला करपलेला चुरा पकडते, म्हणून तेल स्वच्छ दिसते. पण पुन्हा पुन्हा तापून तेलात जो बिघाड झालेला असतो तो तसाच राहतो. दिसणे बदलते, तेल तेच. शिवाय आधीच तापलेल्या तेलात ते पाणी पडले तर तेल उसळून तोंडावर येते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून हॉटेलवाल्यांच्या तळणीच्या तेलालाही बिघाडाची मर्यादा घालून दिली आहे. आपल्या घरी त्यासाठी यंत्र नको. तेल काळे, दाट झाले, नेहमीपेक्षा लवकर धुरू लागले किंवा त्यावर फेस राहू लागला की ते टाकायचे झाले असे समजावे. पहिल्या घाण्यालाच कढई भरून तेल ओतण्याऐवजी बेताचे ओतावे आणि लागेल तसे ताजे घालावे, म्हणजे उरतच नाही. उरलेच तर गाळून दोन-चार दिवसांत फोडणीला संपवावे.

तळलेला फराळ वर्तमानपत्रावर पसरू नये. छपाईची शाई तेलात उतरते आणि पोटात जाते. प्राधिकरणाने २०१६ साली याविषयी सूचना काढली होती, तरी अजून घरोघरी शंकरपाळे कालच्या बातम्यांवरच पसरलेले दिसतात. जुने धुतलेले सुती लुगडे किंवा चाळणी वापरावी. पदार्थ पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नये, वाफ धरली की खुसखुशीतपणा गेला. डबा अंधाऱ्या जागी ठेवावा, उजेडाने आणि हवेने तेलकट पदार्थ खवट होतात. रोज काढायचा फराळ लहान डब्यात आणि बाकीचा मोठ्या डब्यात, म्हणजे मोठे झाकण दिवसातून वीस वेळा उघडले जात नाही. ओल्या नारळाच्या करंज्या एक-दोन दिवसांतच संपवाव्यात. भाऊबीजेपर्यंत टिकवायच्या असतील तर सुक्या खोबऱ्याच्या कराव्यात.

चकल्या मऊ पडल्याच तर पुन्हा तळू नका. जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर घालून, त्यावर ताटलीत चकल्या ठेवून मंद आचेवर दहा मिनिटे झाकण न लावता तापवा आणि पंख्याखाली निववा. ही युक्ती मोबाईलमधलीच आहे, आणि दोन्ही शनिवारी ती खरी उतरली.

पुढील अंकी हरभऱ्यावरील घाटेअळी आणि कामगंध सापळे यांविषयी.